कुंडलिकेकाठचा चिंतामण

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांत एकच खल सुरू होतो. यंदा कुठं जायचं? अलीकडे त्यात नदीवरच्या सहलींची भर पडली आहे. गंगेवर, ब्रह्मपुत्रेवर, केरळच्या बॅकवॉटरमध्ये, आणि खिसा जड असेल तर थेट ऱ्हाईन नाही तर डॅन्यूबवर. बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं आणि काठावरची गावं बघत चार-सहा दिवस काढायचे. घरात तीन-चार वर्षांचं पोर असलं की मग आजी विचारते, एवढं लहान मूल पाण्यावर न्यायचं? कठड्यावर चढलं तर? बोट लागली तर? प्रश्न खोटे नाहीत. पण पेण, नागोठणं, रोहा या पट्ट्यातल्या जुन्या घरांना ते ऐकून थोडं हसू येईल. तिथं तीन-चार पिढ्यांमागं मूल पाण्यावरून न्यायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. आजोळी जायचं असो, लग्नाला जायचं असो की मुंबईला, कुठं ना कुठं खाडी आडवी येई. पोर कडेवर घेऊन माणसं बोटीत बसत. त्याला सहल म्हणावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

अशाच एका गावातल्या मुलाची ही हकिगत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढं केंद्राचे अर्थमंत्री म्हणून देशानं त्याला ओळखलं, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांच्या राजीनाम्याची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्या शहरापायी राजीनामा दिला, त्या शहराशी त्यांच्या मुलखाची पाण्यावरून जुळलेली सोयरीक होती. तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला वाटतं, ती समजल्याशिवाय तो राजीनामा पुरता समजत नाही.

आधी मुलूख पाहू. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. नाव बदललं १९८१ मध्ये. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या इथल्या नद्या फार लांब धावत नाहीत, आणि समुद्र भरतीला त्यांच्या पोटात शिरतो. अंबा नागोठण्यावरून येऊन धरमतरच्या खाडीत मिळते. पेणची भोगावती अंतोऱ्याच्या बंदराजवळून त्याच पाण्याला जाते. त्यांच्या दक्षिणेला कुंडलिका. भिऱ्याच्या डोंगरातून निघून, कोलाडवरून, रोहा आणि अष्टमी या समोरासमोरच्या दोन गावांमधून वाहत ती रेवदंड्याला समुद्र गाठते. त्याहून खाली महाडची सावित्री. रोह्यापर्यंत भरतीचं पाणी चढतं, आणि त्या पाण्यावर मचवे चढत. भात आणि लाकूडफाटा मुंबईकडे जाई, मुंबईचा माल इकडे येई.

रोह्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर पाण्याच्या दोन वाटा होत्या. एक कुंडलिकेतून रेवदंडा आणि तिथून समुद्रानं. दुसरी बैलगाडीनं नागोठण्याला आणि तिथून किंवा धरमतरहून बोटीनं. एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या आगबोटी धरमतर-नागोठण्यापर्यंत येऊ लागल्या होत्या. पेणच्या माणसाला धरमतर तर घरच्यासारखंच. खोपोलीला जाऊन आगगाडी धरण्याचा खुष्कीचा मार्ग होता, पण सामान, बायकामुलं आणि तांदळाची पोती घेऊन निघालेल्या कुटुंबाला बोटच बरी वाटे. ती थेट भाऊच्या धक्क्याला लावी.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. नाते म्हणजे रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं गाव. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करत. आईचं नाव भागीरथीबाई. जन्म सावित्रीच्या खोऱ्यात आणि बालपण कुंडलिकेच्या काठी, असा हा मुलगा. घरात जमीनजुमल्याची परंपरा, वकिलीमुळं आलेलं इंग्रजी आणि त्या काळच्या अशा घरात असायचं तेवढं संस्कृत. रोहा तेव्हा लहानच, तालुक्याचं गाव. बाजार, कचेरी, देवळं, आणि दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी नदी.

या दोनदा चढण्या-उतरण्याला खाडीकाठच्या मुलाच्या लेखी फार मोल असतं. बोटीचं वेळापत्रक घड्याळावर नव्हे, पंचांगावर चाले. कोकणात एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला मचवा गावाच्या पायरीशी येई आणि भांगाला गाळात अडकून बसे. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, हे तिथलं पोर बाराखडीच्या आधी शिकायचं. पुढं देशाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या माणसाचं गणित इथून सुरू झालं असं म्हणण्याचा मोह होतो. पण तसं म्हटलं तर खाडीकाठचे सगळेच तांडेल अर्थमंत्री व्हायला हवे होते.

लहान मूल घेऊन बोटीनं निघायचं म्हणजे काय असे? भरती मध्यरात्री आली तर मध्यरात्री निघायचं. पोराला झोपेतून उचलायचं, अंगावर धाबळी लपेटायची. बरोबर दशम्या, चटणी, पाण्याची सुरई. ओहोटी असेल तर धक्का आणि बोट यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. मग बायका लुगडं सावरून उतरत आणि मुलं खलाशाच्या खांद्यावर बसून जात. आगबोट खोल पाण्यात उभी, तिच्यापर्यंत पडावातून जायचं, आणि पडाव हलत असताना मूल एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं. आत बसायला जागा मिळाली तर मिळाली. डिझेल यायच्या आधीचे ते दिवस, बॉयलरची धग आणि कोळशाची काजळी. खाडीतून बाहेर पडून बंदराच्या मोकळ्या पाण्यात आलं की बोट डुलायला लागे आणि निम्मे उतारू लिंबू नाकाशी धरून बसत. मुलांना मात्र यातलं काही बाधत नसे. त्यांना दोन्ही काठची खारफुटी, मिठागरांतल्या पांढऱ्या राशी, बगळे दिसत, आणि शेवटी पाण्यातून हळूहळू वर येणारी मुंबई. कुलाबा जिल्ह्यातल्या किती पिढ्यांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती अशी, पाण्याच्या बाजूनं, बापाच्या खांद्यावरून.

रोह्याचा हा चिंतामणही शिकायला मुंबईला आला. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९१२ साली तो मॅट्रिकला बसला आणि सबंध मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली. तेव्हा मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेलं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पहिल्या नंबराचं वजन कळतं. आज आपण गुणवत्ता यादीचं कौतुक फार केलं म्हणून थकलो आहोत, पण रोह्यासारख्या गावात त्या वर्षी काय झालं असेल याची कल्पना करावी.

पुढचा प्रवास भराभर झाला. पहिलं महायुद्ध चालू असताना तो इंग्लंडला गेला. पाणबुड्यांच्या भीतीचे दिवस, तरी गेला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेतली. विषय वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. त्यानंतरच्या वर्षी आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. अर्थशास्त्राची पदवी या माणसाकडे नव्हती, हे पुष्कळांना नवल वाटतं. त्याचं पहिलं प्रेम झाडांवर होतं. बागकामाचा नाद पुढं आयुष्यभर सुटला नाही. कोणत्याही मोठ्या पदावर असले तरी बंगल्याच्या बागेत ते स्वतः राबत.

इंग्लंडमध्येच त्यांनी रोझिना या इंग्रज मुलीशी लग्न केलं. त्यांना एकच मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं एका इंग्रजी रानफुलाचं. बाप वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असल्याची खूण. नोकरी मिळाली मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूरच्या सरकारात. तिथं त्यांनी दोन तपांच्या आसपास काढली. जमीनमहसुलाची फेरआकारणी करणारा सेटलमेंट ऑफिसर म्हणजे गावोगाव तंबू ठोकत हिंडणारा माणूस. थंडी सुरू झाली की दौरा सुरू. नंतर ते प्रांताचे महसूल सचिव आणि अर्थ सचिव झाले, तेही वयाच्या मानानं फार लवकर. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी ते रजेवर लंडनला होते, तर परिषदेच्या चिटणीसांत त्यांना घेतलं गेलं.

नागपूरच्या या मुक्कामातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. नागपूरजवळचं रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी असं मानतात. तिथं अडकून पडलेला यक्ष मेघाला वाट सांगतो, आणि ती वाट म्हणजे खरं तर नद्यांची माळ आहे. रेवा, वेत्रवती, शिप्रा, आणि शेवटी गंगा. या काव्याचा चिंतामणरावांनी मराठीत अनुवाद केला. फायलींच्या ढिगातून उठून हा अधिकारी कालिदासाच्या नद्यांकडे का वळला, याचं उत्तर कुणी संस्कृतच्या शिष्यवृत्तीत शोधेल. मला ते घरापासून दूर बसलेल्या माणसात शोधावंसं वाटतं. आयसीएसच्या नोकरीत कुटुंब म्हणजे मायदेश आणि नोकरी यांच्यामध्ये विभागलेली गोष्ट असे. इंग्रज बायको, एकुलती मुलगी, सात समुद्र, आणि मध्ये दुसरं महायुद्ध. रोझिना १९४९ मध्ये वारल्या.

दरम्यान १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर. बँक १९३५ ची. पहिले दोन गव्हर्नर भारतीय नव्हते. रोह्याचा मुलगा आता मुंबईत, बंदरापासून हाकेच्या अंतरावर, देशाच्या नोटांवर सही करत होता. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या वतीनं गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था त्या परिषदेतून जन्मल्या. फाळणी झाली तेव्हा नोटा, सोनं, रोकड यांची वाटणी करण्याचं काम याच बँकेच्या गळ्यात आलं, आणि काही महिने तर दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक तीच होती.

ही वाटणीची धांदल सुरू असतानाच, १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याच्या सुमारे चार आठवडे आधी, कुलाबा जिल्ह्यावर आकाश कोसळलं. गटारी अमावास्येचा दिवस. सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. खुल्या समुद्रावरच्या कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवस-धरमतरच्या फेऱ्या बंदराच्या आतल्या म्हणून चालू राहत. आतलं पाणी म्हणजे घरचं पाणी, ही जी पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती, ती त्या दिवशी फुटली. आजीचा प्रश्न खोटा नाही असं वर म्हटलं ते यासाठीच. तरीही दुसऱ्या दिवसापासून माणसांना मुंबईला जावं लागलंच. पोट तिकडे होतं, घर इकडे.

आणि आता राजीनामा. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेवर निवडून आले ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे थेट आपल्या मुलखातून. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळातली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ मध्ये. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांनी जाहीर केलं. ज्यांच्या घरात कपाटात विम्याची पॉलिसी आहे त्यांचा या माणसाशी संबंध आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण त्याच जानेवारीत, १६ तारखेला, नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली. चिंतामणरावांनी राजीनामा देण्याची तयारी तेव्हाच दाखवली. तो मंजूर होईपर्यंत जुलै उजाडला. लोकसभेत त्यांनी केलेलं निवेदन शांत होतं आणि म्हणूनच जास्त झोंबणारं. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता झाला, हा एक आक्षेप. गोळीबारांची चौकशी व्हायला हवी होती, ती नाकारली, हा दुसरा. महाराष्ट्राबद्दल मनात आकस आहे, हा तिसरा आणि सर्वांत जड. नेहरूंनी ते आरोप मान्य केले नाहीत.

या प्रसंगाकडे बाणेदारपणाचा नमुना म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. बाणेदारपणा होताच. पण ते जन्मभर शिस्तीतले सनदी अधिकारी होते, सभा गाजवणारे नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही त्यांनी कधी पुढारपण मिरवलं नाही. मग असा माणूस देशाचं अर्थखातं का सोडतो? दिल्लीच्या नकाशावर मुंबई हे एक बेट होतं, भांडवलाचं आणि अनेक भाषांचं. ते कापून बाजूला ठेवता येईल असं तिथं बसलेल्यांना वाटलं. नकाशात ती निळी पट्टी मधे दिसतेच. पण कुलाब्याच्या माणसाला ती पट्टी म्हणजे सीमा नव्हती. ती वाट होती. गिरणीत कामाला गेलेला नवरा, शाळेला पाठवलेला मुलगा, दर पंधरवड्याला येणारी मनिऑर्डर, गणपतीला येणारी माणसं, सगळं त्या पाण्यावरून येजा करत होतं. ती वाट कुणी निकालात काढावी आणि त्याबद्दल त्या वाटेवरच्या माणसाला विचारूही नये, हे त्यांना सोसलं नाही. हा माझा तर्क आहे आणि तो मला पटतो. मुंबईसह महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. तोवर ते दिल्लीत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष म्हणून काम करत होते.

पुढचं थोडक्यात. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी विवाह झाला होता. संविधान सभेतल्या त्या दुर्गाबाई, आंध्रात स्त्रियांसाठी संस्था उभारणाऱ्या. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत मोठा वाटा. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते तिसरे आले. ती निवडणूक त्यांनी लढवली नसती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, पण असो. गांधीजींची शंभर वचनं त्यांनी संस्कृत श्लोकांत बांधली, स्वतःच्या संस्कृत कविताही प्रसिद्ध केल्या. १९७४ मध्ये आत्मचरित्र आलं, त्याचं नाव ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’. कोर्स म्हणजे आयुष्यक्रम आणि कोर्स म्हणजे नदीचा ओघही. १९७५ मध्ये पद्मविभूषण. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला चिंतामणराव गेले.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. त्यांच्या जन्माआधी चारच महिने, ११ सप्टेंबर १८९५ ला, पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबांचा जन्म झाला. दोघंही याच मुलखातले, दोघंही लहानपणीच घराबाहेर पडलेले. एक मुंबईला, एक बडोद्याला. १९५१ मध्ये एक जण पायी हिंडून जमीन मागत होता आणि दुसरा दिल्लीत योजनेसाठी पैसे जमवत होता. विनोबा गेले १५ नोव्हेंबर १९८२ ला, म्हणजे चिंतामणरावांमागून सहा आठवड्यांनी.

आज रोह्याला जायचं तर बोट लागत नाही. १९८० च्या दशकात आगगाडी पेणवरून रोह्याला पोचली आणि कोकण रेल्वे तिथूनच पुढं निघाली. गावात चिंतामणरावांच्या नावाचं महाविद्यालय आहे. नदी मात्र त्यांच्या लहानपणची राहिलेली नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, तेव्हापासून मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली उतरून कुंडलिकेत येतं. कोलाडजवळ रबरी तराफ्यातून जी झुंबड चालते ती याच पाण्यावर. तिथं लहान मुलांना घेत नाहीत, आणि घेऊही नये. खाली धाटावच्या कारखान्यांनी नदीचं काय केलं ते रोहेकर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मुलाला बोटीत बसवायचंच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून आहे. त्यात गाडीही चढते आणि चिखलात उतरावं लागत नाही. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा करत कुंडलिकेच्या मुखाशी जाता येतं आणि तिथून काठाकाठानं रोह्याला. जाताना पंचांग बघावं आणि तिथीची पाऊणपट मुलालाच करायला सांगावी. मुखाशी भरती आधी येते, रोह्याला थोडी उशिरा. तेवढा वेळ हातात धरून निघावं.